गेज नंतर, जिग आधी

कोल्हापूर

चि. पोरी,


शिरोलीच्या फाउंड्रीचं ई-इन्व्हॉइसचं काम तुमच्या पुण्याच्या ऑफिसात आलं आणि ते तुझ्या वाट्याला आलं, हे वाचून फार बरं वाटलं. नमुना बिलांच्या जेसन फाइली तू हातानं लिहितेस, चाचणीच्या सर्व्हरकडं पाठवतेस, चूक परत येते, ती दुरुस्त करून पुन्हा पाठवतेस, मग दुसरी चूक. या धावपळीबद्दल तू लिहिलंस त्यात एक वाक्य असं आहे : 'स्कीमा आहे आमच्याकडं, शेवटी त्यावर तपासून घेतो.' माझं पत्र त्या 'शेवटी' या शब्दासाठी आहे.

संगणकाकडं वळण्याआधी मी उद्यमनगरात टूलरूममध्ये उमेदवारी केली, हे तुला ठाऊक आहे. तिथं गेज आणि जिग अशा दोन वस्तू असतात. कास्टिंगला भोक पाडून झालं की गेज घालून बघायचं. चुकलं असेल तर तो नग भंगारात. जिग मात्र भोक पाडायच्या आधी कास्टिंगवर बसते. ड्रिल तिच्या बुशमधून उतरतं, त्यामुळं भोक भलतीकडं पडायला वावच राहत नाही. गंमत अशी की गेज आणि जिग दोन्ही एकाच ड्रॉइंगवरून बनतात. तुमची स्कीमा, म्हणजे फाइलीत कुठले रकाने कसे हवेत याची नियमावली, हे ते ड्रॉइंग आहे. त्यातून तुम्ही आजवर फक्त गेज बनवलं. जिग बनवायची राहिली.

तुझ्या कामात ही जिग किती लागते ते बघ. ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक फाउंड्रीवाल्यांना ते लांबचं वाटलं. मर्यादा १००, ५०, २०, १० कोटी अशी उतरत गेली आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले कितीतरी मधले कारखाने त्यात आले. आता बिल आधी पोर्टलवर नोंदवायचं, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आणि क्यूआर कोड घ्यायचा, मगच ते खरं बिल. त्या बिलाचा प्रत्येक रकाना ठरलेला आहे. बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्याची सुरुवात शून्यानं, तिरप्या रेघेनं किंवा आडव्या रेघेनं करायची नाही. तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, त्यातली पहिली दोन राज्याची : आपली, महाराष्ट्राची, २७. दस्तऐवजाचा प्रकार साधं बिल, क्रेडिट नोट किंवा डेबिट नोट, तिन्हींपैकी एक. कास्टिंगचा एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा कोड, बहुधा ७३२५ खाली, पण गाडीचा सुटा भाग म्हणून गेला तर ८७०८. एवढं सगळं डोक्यात ठेवून कुणी लिहू नये. डोकं हिशेबाला लागतं, स्पेलिंगला नाही.

करायचं काय, तर व्हीएस कोड या एडिटरच्या सेटिंगमध्ये जेसन स्कीमांची एक यादी असते. तिथं 'या नावाच्या फाइलींना ही स्कीमा' असं एकदा सांगायचं. मग रिकाम्या कंसात कर्सर ठेवून कंट्रोल-स्पेस दाब. कुठले रकाने येऊ शकतात ते समोर येतं. जे तू आधीच लिहिलेस ते यादीतून गळतात, कारण जेसनमध्ये रकान्यांना क्रम नसतो. स्कीमातले वजा लिहिलेले, एवढाच हिशेब. रकान्याचं मूल्य लिहायच्या जागी गेलीस की स्कीमात 'एनम', म्हणजे चालणाऱ्या पर्यायांची यादी, असेल तर तेवढेच पर्याय दिसतात.

हे सोपं वाटतं, पण ते करणाऱ्यांनी एक अवघड गाठ सोडवली आहे, आणि ती तुला समजावी अशी माझी इच्छा आहे. तपासणारा प्रोग्राम पूर्ण फाइल मागतो. मदत करणाऱ्याच्या पुढ्यात मात्र कायम अर्धी फाइल असते : कंस उघडा, स्वल्पविराम लटकलेला, शब्द अर्धा. तिला 'चूक' म्हणून तो मोकळा झाला तर मदत कधी करणार? म्हणून त्याला तुटक्या मजकुरातूनही रचना ओळखावी लागते.

एक्सएमएल या जेसनआधीच्या मांडणीच्या जगात हे फार सुंदर रीतीनं झालं. जेम्स क्लार्क आणि माकोतो मुराता या दोघांनी २००१ मध्ये आपापल्या भाषा एकत्र करून रिलॅक्स एनजी ही स्कीमा-भाषा केली. ती तपासण्यासाठी क्लार्कनं ब्रझोझोव्स्कीची १९६४ ची एक गणिती कल्पना वापरली. एकेक खूण वाचत जायचं आणि प्रत्येक खुणेनंतर 'आता स्कीमाचा काय भाग उरला' हे काढायचं. शेवटी काही देणं उरलं नाही तर फाइल बरोबर. आता विचार कर, मध्येच कर्सरपाशी थांबलो तर हातात काय असतं? उरलेली स्कीमा. म्हणजे पुढं काय काय येऊ शकतं त्याची यादीच. क्लार्कनं इमॅक्ससाठी लिहिलेला एनएक्सएमएल मोड याच आधारावर टाइप करता करता तपासतो आणि पुढचा टॅगही सुचवतो. तो २००९ साली इमॅक्स २३ मध्ये मुळातच सामील झाला. जिग आणि गेज एकाच यंत्रातून निघाल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुढं २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर झाला आणि अशी मदत एका एडिटरपुरती बांधलेली राहिली नाही. तुमच्या ऑफिसात कुणी व्हिम वापरत असेल तर त्यालाही हीच स्कीमा चालेल.

आता तुझ्या हातातल्या गोष्टी. सरकारी स्कीमा पोर्टलसाठी लिहिलेली आहे, तुझ्यासाठी नाही. तिच्यावरून आपली एक कडक प्रत कर. 'अ‍ॅडिशनल प्रॉपर्टीज' बंद कर, नाहीतर ऐच्छिक रकान्याचं नाव चुकलं तरी फाइल गुपचूप पास होते आणि ती माहिती हरवते. मापाच्या रकान्याला तुझ्या गिऱ्हाइकाला लागणारी एककं एनम म्हणून दे. फाउंड्रीला किलो आणि नग यापलीकडं फारसं काही लागत नाही. आणि जिथं तिथं 'डिस्क्रिप्शन' लिही. ते मराठीत लिही. हा माझा आग्रह समज. कर्सर नेला की एडिटर तो मजकूर जसाच्या तसा दाखवतो. उद्या शिरोलीत बसून मॅपिंगची फाइल बदलणारा मुलगा आयटीआय झालेला असेल. 'पुरवठ्याचं ठिकाण : बहुधा माल ज्या राज्यात गेला त्याचा कोड' हे त्याला त्याच्या भाषेत दिसलं तर तो फोन न करता काम पुरं करेल. स्कीमा लिहिणारे तपासणीचे नियम मन लावून लिहितात आणि ही एक ओळ कोरी सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जिगला काय जमत नाही तेही ऐक. आपल्या कारखान्यांचा माल रोज बेळगावला आणि गोव्याला जातो. २७ च्या जागी २९ किंवा ३० हवं होतं, हे स्कीमाला कसं कळणार? तिन्ही कोड वैधच आहेत. थोडी मदत करता येते : जेसन स्कीमाच्या ड्राफ्ट-७ या आवृत्तीपासून 'असेल तर' अशी अट घालता येते. पुरवठ्याचं ठिकाण २७ नसेल तर आयजीएसटीचा रकाना हवा, असं महाराष्ट्रातल्या विक्रेत्यापुरतं लिहिता येईल. पण नग गुणिले दर बरोबर रक्कम, किंवा सगळ्या ओळींची बेरीज बरोबर एकूण, हे जेसन स्कीमात मांडता येत नाही. ते प्रोग्राममध्येच तपासावं लागेल. म्हणून जिग आली तरी गेज फेकू नकोस.

सुरुवात तीनच रकान्यांनी कर : दस्तऐवजाचा प्रकार, राज्याचा कोड, माप. स्कीमाची प्रत ड्राफ्ट-७ वरच ठेव, व्हीएस कोड त्या आवृत्तीला नीट सांभाळतो. मराठी वर्णनं झाली की मला फाइल पाठव. एचएसएनच्या ओळीतली भाषा मी फाउंड्रीतल्या एका जुन्या हिशेबनीसाकडून वाचून घेतो, त्याला काय समजत नाही ते तुला लगेच कळवतो.

तुझा,
काका