मनाचा आजार हा अपराध आहे काय?

धम्मदीक्षा घेऊन वर्ष-दोन वर्षे झालेली असतात. देव्हारा मोकळा करून देवांचे टाक नदीत सोडलेले असतात. आणि नेमकी घरातली सून रात्र रात्र जागू लागते, एकटीच पुटपुटू लागते. किंवा कॉलेजात जाणारा मुलगा पुस्तके मिटून भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मग गावाकडचे भाऊबंद येतात आणि ओट्यावर बसून म्हणतात, "देव सोडलेत ना, भोगा आता." सासू हळूच अंगारा आणून उशाखाली ठेवते. नवदीक्षित कुटुंबाची परीक्षा होते ती अशा रात्री.

देव कोपला, या म्हणण्याला उत्तर देणे सोपे आहे. ज्यांनी देव सोडले नाहीत अशा लाखो घरांतही माणसे मनाने आजारी पडतातच. देवादिकांच्या भरवशावर टाकलेल्या रुग्णांचे काय होते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे दिसले. दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडाने जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. आपल्या देवळांच्या आवारात वेगळे काही चालत नव्हते. आज रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारझोड करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. भगताकडे नेऊ पाहणाऱ्या भाऊबंदांना एवढे सांगितले तरी पुरे.

अवघड आहे ते आपल्याच माणसांचे बोलणे. "बौद्ध झालास आणि मन आवरत नाही? त्रिशरण-पंचशील म्हण, ध्यानाला बस. तथागतांनी स्वयंदीप व्हायला सांगितले आहे." एखादा त्यात भर घालतो, की हे मागल्या जन्मीच्या कर्माचे फळ. म्हणजे देव गेला, पण आरोपीचा पिंजरा होता तिथेच राहिला. फक्त त्यात आता आजारी माणूस स्वतःच उभा! मागल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा सिद्धांत बोधिसत्त्व बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात स्वच्छ नाकारला आहे. ज्या सिद्धांताने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, तो आजाऱ्याच्या खाटेशी परत आणायचा काय?

मग मूळ प्रश्न असा, की ज्याचे मन ठिकाणावर नाही तो दोषी आहे काय? याचा निकाल विनयपिटकात आहे आणि तो आपल्या विहारांतून फारसा सांगितला जात नाही. गग्ग नावाच्या भिक्खूला वेड लागले होते. त्याला उपोसथाचा दिवस कधी आठवे, कधी आठवत नसे. कधी येई, कधी येत नसे. त्याच्यामुळे उपोसथ खोळंबू लागला. तथागतांनी त्याला संघाबाहेर काढले नाही. गग्ग आजारी आहे, त्याला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, त्याच्यासह अथवा त्याच्याविना संघ उपोसथ करील, असा ठराव संघाने रीतसर करावा, असे त्यांनी सांगितले. म्हणजे संघाचे काम अडले नाही आणि गग्गाची जागाही गेली नाही.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. गग्ग बरा झाला. तेव्हा इतर भिक्खू त्याला धरून विचारू लागले, अमुक दोष तू केलास, आठवतो का? तो म्हणे, मी तेव्हा वेडा होतो, भानावर नसताना पुष्कळ काही केले, ते मला आठवत नाही. तरी ते पिच्छा सोडीनात. तथागतांनी टोचणाऱ्या त्या भिक्खूंनाच दोष दिला आणि गग्गाला 'अमूळ्ह-विनय' द्यायला लावला; म्हणजे हा आता शुद्धीवर आहे, वेडातल्या कृत्यांवरून त्याला पुन्हा कोणी बोल लावू नये. कोणी म्हणेल, अशाने दारू पिऊन बायकोला मारणाराही वेडाचे निमित्त सांगेल. विनयाने तेही पाहून ठेवले आहे. वेडाचे सोंग घेणाऱ्याला हा विनय देणे अधम्म्य ठरते.

आता स्वयंदीप होण्याविषयी. त्याचा अर्थ एकट्याने कुढत बसणे असा कोणी करू नये. कल्याणमित्र म्हणजे निम्मे धम्मजीवन, असे आनंद म्हणाले, तेव्हा तथागतांनी त्यांना दुरुस्त केले: निम्मे नव्हे, सगळे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदासह स्वतः धुतले, आणि इथे तुम्हांला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहायचे, अशी संघाला समज दिली. बाबासाहेबांपेक्षा खंबीर मन कोणाचे? पण १९२६ साली राजरत्न गेला, त्याआधी तीन मुले गेलेली होती, तेव्हा बाबासाहेबांनीही दत्तोबा पवारांना पत्र लिहून आपले मोडलेले मन त्यांच्यापुढे उघड केले. तेवढ्याने ते दुबळे ठरले काय?

मनाचे सगळेच दुःख मनातून उपजते असेही नाही. वर्गात, वसतिगृहात, कचेरीत जातीवरून होणारा छळ माणसाची झोप घालवतो. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या विद्यापीठात गेला. त्याच वर्षी १४ एप्रिलला त्याच्या आईने आणि भावाने मुंबईत धम्मदीक्षा घेतली. छळ सोसणाऱ्या मुलाला डॉक्टरांकडे जरूर न्यावे, पण तेवढ्याने छळणारे सुटत नाहीत. औषध आणि तक्रार-अर्ज दोन्ही लागतात.

उपचाराची सोय जवळ आहे, ती माहीत करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १४४१६ हा शासनाचा टेली मानस क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतही. जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे कोणी बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोलिसांच्या भीतीने लपवाछपवी करू नये. असा प्रयत्न करणारा असह्य ताणाखाली होता असेच २०१७ चा कायदा धरून चालतो. आणि गंभीर आजाऱ्याला परस्पर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला धाडू नये. ते शिबिर अशा आजारावरचा उपचार नाही, असे शिबिरे घेणारेच सांगतात. गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत, वंदना रोज चालू असली तरी.

मात्र रुग्णालयातून परत आलेल्या माणसाचे काय, हे डॉक्टर ठरवीत नाहीत, वस्ती ठरवते. पौर्णिमेला तो विहारात आला तर शेजारी कोण बसणार? त्याच्या बहिणीचे लग्न जुळत असताना "त्यांच्या घरात वेड आहे" ही बातमी पाहुण्यांच्या कानी घालणारे आपल्यांतच असतात, आणि पाच-पन्नास वेळा वंदना म्हटलेले असतात. गग्गाला टोचणारे तरी कोण होते? भिक्खूच होते.