किल्ली कोणाच्या हातीं द्यावी?

पगारी नोकराच्या हातीं अधिकार देतांना समाजाला फारशी चिंता वाटत नाहीं. त्यानें अधिकाराचा गैरवापर केला तर त्याचा पगार तोडतां येतो, त्याची बदली करतां येते, आणि अगदींच वेळ आली तर त्याला घरीं बसवितां येतें. परंतु जो मनुष्य कसलाहि मोबदला न घेतां, केवळ कामाच्या आवडीनें एखाद्या सार्वजनिक कार्यांत खपत असतो, त्याच्या हातीं इतरांना आवरण्याचा अधिकार द्यावा कीं नाहीं हें कशावरून ठरवावें? त्याला जरब बसविण्याचें फारसें साधन आपल्याजवळ नसतें. आणि नकार द्यावा तर ज्याचे आपण ऋणी आहों त्याचाच अपमान केल्यासारखें होतें.

हा प्रश्न देवळाच्या पंचांपासून वाचनालयाच्या चिटणिसापर्यंत सर्वत्र उद्भवतो. पण आजच्या काळीं तो विकिपीडिया या ज्ञानकोशांत जितक्या उघड स्वरूपांत दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. केतकरांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड बाहेर काढले तेव्हां त्यांतील बऱ्यावाईटाचा जाब कोणाला विचारावा अशी शंका कोणास आली नाहीं. संपादक एक होता आणि तो सर्वांस ठाऊक होता. १५ जानेवारी २००१ रोजीं इंग्रजींत आणि १ मे २००३ रोजीं मराठींत सुरू झालेल्या विकिपीडियाला असा मुख्य संपादक नाहीं. ज्याला ठाऊक असेल त्यानें लिहावें, ज्याला चूक दिसेल त्यानें ती सुधारावी, असा तेथील रिवाज. अर्थात् जेथें सर्वांना लिहितां येतें तेथें सर्वांना बिघडवितांहि येतें. म्हणून लिहिणारांपैकींच कांहींजणांना मुख्यतः तीन विशेष अधिकार द्यावे लागतात: एखादें पान काढून टाकणें, एखाद्या पानाला कुलूप घालून इतरांचें लेखन थांबविणें, आणि उपद्रवी सदस्याला लिहिण्यापासून रोखणें. मराठींत या पदाला प्रचालक असें नांव आहे, आणि त्यासाठीं सदस्यांचा कौल घेण्यांत येतो.

इंग्रजी विकिपीडियावर ही निवड २००३ सालापासून एका ठराविक पद्धतीनें होत आली आहे. इच्छुकाची विनंती सात दिवस सर्वांसमोर राहते; सदस्य त्याला प्रश्न विचारतात आणि अनुकूल वा प्रतिकूल मत कारणांसह नोंदवितात. २०१५ च्या अखेरीस ठरलेल्या प्रघाताप्रमाणें शेंकडा ७५ हून अधिक मतें अनुकूल पडलीं तर विनंती सहसा मान्य होते, शेंकडा ६५ च्या खालीं गेलीं तर सहसा अमान्य होते. मधल्या पट्ट्यांत मतें नुसतीं न मोजतां कारणें तोलून निर्णय द्यावयाचा असतो. विकिपीडियाच्या संस्थापकांपैकीं जिमी वेल्स यांनीं २००३ सालीं असें मत दिलें होतें कीं हें पद म्हणजे कांहीं मोठी गोष्ट नव्हे. आरंभीं व्यवहारहि तसाच होता. २००७ या एका वर्षांत ४०८ जणांना हे अधिकार मिळाले. २०२१ या सबंध वर्षांत ते मिळाले अवघ्या ७ जणांना. या दोन आंकड्यांमध्यें केवळ उत्साहाची ओहोटी नाहीं. एका समाजाची आपल्याच माणसांवर विश्वास टाकण्याची रीत त्यांत बदललेली दिसते.

ती बदलण्यास कारणें नव्हतीं असें मात्र नाहीं. विश्वास टाकण्याच्या ज्या तीन सोप्या कसोट्या आहेत त्या तिन्ही अनुभवानें खोट्या ठरल्या.

पहिली कसोटी श्रमांची. ज्यानें पुष्कळ काम केलें तो योग्य, असें आपणांस सहजच वाटतें. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर एका अमेरिकन मुलानें वर्षानुवर्षें खपून हजारों लेख लिहिले आणि तो तेथील प्रचालकहि झाला. २०२० सालीं उघडकीस आलें कीं त्याला ती भाषाच येत नव्हती. इंग्रजी वाक्यांत शब्दकोशांतले शब्द बसवून त्यानें तें सारें लिहिलें होतें. त्याच्या मनांत कपट नव्हतें. होती ती निष्ठाच. परंतु निष्ठेनें केलेलें काम चांगलेंच असतें असें नाहीं, आणि कामाचा ढीग पाहून पद देणें म्हणजे घामालाच शहाणपण समजणें होय.

दुसरी कसोटी विद्वत्तेची. इंग्रजी विकिपीडियावरील एका सदस्यानें आपण धर्मशास्त्राचे प्राध्यापक आहों असें सांगितलें होतें, आणि तो बऱ्याच वरच्या अधिकारपदांपर्यंत पोंचला होता. २००७ सालीं कळून आलें कीं तो चोवीस वर्षांचा तरुण असून कोठेंच प्राध्यापक नव्हता. जेथें टोपणनांवानें वावरण्याची मुभा आहे तेथें सांगितलेल्या पदव्यांना किती किंमत द्यावी, हा धडा त्यावरून सर्वांना मिळाला.

तिसरी कसोटी आपलेपणाची, आणि तीच सर्वांत घातक. क्रोएशियन विकिपीडियावर एका विचाराच्या मूठभर प्रचालकांनीं सुमारें दहा वर्षें सत्ता आपल्या हातीं ठेविली. विरोधकांना त्यांनीं लिहिण्यापासून रोखलें आणि दुसऱ्या महायुद्धांतील उस्ताशा राजवटीच्या क्रौर्यावर पांघरूण पडेल असें लेखन चालूं दिलें. हें सारें कौल घेऊन, मतें मोजून, नियमांच्या चौकटींत चाललें होतें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. आपल्यासारखा विचार करतो तो विश्वासाचा, असें एकदां धरलें कीं निवडणूक ही निवड राहत नाहीं. ती टोळीची भरती होते.

तर मग योग्यतेचा पुरावा तरी कोणता? याला नेहमींचें उत्तर असें कीं त्या मनुष्याची मागील वागणूक पाहावी. विकिपीडियावर ही सोय असाधारण आहे. तेथें प्रत्येकानें केलेला बहुतेक प्रत्येक फेरफार, अगदीं एका स्वल्पविरामाचा सुद्धां, तारीखवेळेसह नोंदलेला असतो. जगांतील कोणत्याहि राजानें आपला मंत्री निवडतांना इतकें दप्तर तपासलें नसेल. परंतु येथें प्लेटोनें सांगितलेली गायजीसची गोष्ट आठवते. त्या मेंढपाळाला कोंदण आंतल्या बाजूस फिरवितांच अदृश्य करणारी अंगठी मिळाली, आणि कालपर्यंत निरुपद्रवी असलेल्या त्या मनुष्यानें राजाला मारून राज्य बळकावलें. अंगठी मिळण्यापूर्वीं त्याच्या वागणुकीचें दप्तर कोणीं तपासलें असतें तर त्यांत काय आढळलें असतें? कांहींच नाहीं. सत्ता नसतांनाची सौम्यता ही पुष्कळदां केवळ दुर्बळता असते, असा या आक्षेपाचा आशय आहे.

आक्षेप बळकट आहे, पण तो पुरता खरा नाहीं, कारण पूर्णपणें सत्ताहीन असा मनुष्य समाजांत आढळतच नाहीं. साध्या सदस्यापाशींहि लहान लहान सत्ता असतातच. नवख्यानें भीतभीत लिहिलेला परिच्छेद एका क्षणांत पुसून टाकण्याची सत्ता त्याला आहे. नियमांचीं नांवें तोंडावर फेंकून त्या नवख्याला गप्प करण्याचीहि आहे. आपल्याहून बलवान् माणसाशीं तो कसा बोलतो याला महत्त्व थोडें. कारण तेथें नम्रता फायद्याचीच असते. आपल्याहून दुर्बळाशीं, आणि विशेषतः जो दुर्बळ असून शिवाय चुकलेला आहे त्याच्याशीं तो कसा वागतो, हें पाहावें. तेथें त्यानें कारण सांगितलें असेल, थांबून ऐकलें असेल, तर मोठ्या सत्तेच्या वेळींहि तो थांबेल अशी आशा करण्यास जागा आहे. खात्री नव्हे, आशाच. पण मनुष्याविषयीं याहून अधिक आपणांस कधीं मिळतेंच कोठें?

आतां परीक्षकांकडे वळूं. कारण या विषयांत उमेदवाराच्या नीतीची चर्चा पुष्कळ होते, आणि परीक्षकाच्या नीतीची मात्र होत नाहीं. सारें दप्तर उघडें असलें म्हणजे दोष शोधणाराला तोटा पडत नाहीं. पांच वर्षांपूर्वीं रागाच्या भरांत लिहिलेलें एक वाक्य शोधून काढावें, तें सर्वांसमोर टांगावें, आणि ज्यानें इतकीं वर्षें फुकट राबण्याखेरीज दुसरा अपराध केला नाहीं त्याला सात दिवस आरोपीसारखें उभें करावें, असे प्रकार घडले आहेत. नित्याच्या जीवनांत विसर पडतो म्हणून क्षमा करणें सोपें जातें. जेथें विसरच पडत नाहीं तेथें क्षमा मुद्दाम करावी लागते, आणि मुद्दाम करण्याची गोष्ट बहुतेकजण उद्यांवर टाकतात. शिवाय नकार देणाराला कांहींच भोगावें लागत नाहीं. अयोग्य माणूस निवडला तर निवडणारांना बोल लागतो. योग्य माणूस दुखावून निघून गेला तर तो कोणाच्या हिशेबीं लिहिला जात नाहीं. ज्या न्यायासनावर एकाच बाजूची चूक दिसते तेथील न्याय कालांतरानें क्रूर होतो.

या जाचावर उपाय म्हणून इंग्रजी विकिपीडियानें ऑक्टोबर २०२४ मध्यें गुप्त मतदानाची निवडणूक घेऊन पाहिली, आणि तींत ११ जण निवडून आले. उमेदवाराचा छळ त्यामुळें कमी होतो हें उघड आहे. पण गुप्त मताला कारण द्यावें लागत नाहीं, आणि ज्याला नाकारलें त्याला आपण कशांत कमी पडलों हें कळत नाहीं. छळ टाळावयाचा तर कारणें लपतात. कारणें हवीं तर छळाला वाव राहतो. यांतून पूर्णपणें निर्दोष वाट निघेल असें वाटत नाहीं.

माझ्या मतें या पेंचाचें मूळ निवडीच्या रीतींत नसून दुसरीकडे आहे. प्राचीन अथेन्समध्यें चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या अधिकाऱ्याचीहि पद घेण्यापूर्वीं परीक्षा होई. आईबापांशीं तो नीट वागतो काय, कर भरतो काय, हें त्याला विचारीत. परंतु तेवढ्यावर भागत नसे. मुदत संपल्यावर त्याला आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागे. आपल्याकडे तामिळ देशांत उत्तरमेरूर येथें इ. स. ९२० च्या सुमाराचे चोळ राजवटींतील शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांवरील माणसें ताडपत्रावर नांवें लिहून मडक्यांतून चिठ्ठी काढून निवडावीं असा नियम त्यांत आहे. आणि पूर्वीं समितीवर असतांना ज्यानें हिशेब दिला नाहीं त्याचें नांव मडक्यांत टाकूं नये असेंहि त्यांत बजाविलें आहे. दोन्हीकडील शहाणपण एकच: आधींची परीक्षा आणि नंतरचा हिशेब हीं एकाच तराजूचीं दोन पारडीं आहेत. दुसरें हलकें असेल तर पहिलें अतोनात जड करावें लागतें. दिलेली किल्ली परत घेतां येत नाहीं अशी ज्यांची समजूत झाली ते ती देतांना हात आंखडणारच. मग उमेदवाराला देवदूताच्या मापानें मोजूं लागतात, आणि देवदूत विनंती करीत नाहींत.

२०२४ सालीं इंग्रजी विकिपीडियानें असा नियम केला कीं एका महिन्यांत २५ अनुभवी सदस्यांनीं मागणी केली तर प्रचालकाला पुन्हां सर्वांच्या विश्वासाला उतरावें लागेल. लहान विकिपीडियांवर कित्येकदां ठराविक मुदतीपुरतेच अधिकार देण्याची वहिवाट आहे. हें योग्य दिशेचें पाऊल होय. यावर कोणी म्हणेल कीं अशानें निःस्पृह प्रचालकच पहिला बळी पडेल, कारण टोळीला आवरणाराचे शत्रु पुष्कळ असतात. ही भीति खरी आहे. परंतु परत घेण्याची मागणी ही शिक्षा नव्हे, तो पुनर्विचार आहे. आणि ज्यानें प्रत्येक कृतीचें कारण लिहून ठेविलें आहे त्याला उघड चर्चेंत आधार मिळण्याचा संभव टोळीला मिळण्याहून अधिक असतो. शिवाय पद सोडणें हा कलंक मानावयाचा नाहीं एवढें ठरलें तर निम्में विष उतरेल.

मराठी विकिपीडियावर चर्चेच्या जागेला चावडी असें समर्पक नांव दिलें आहे. चावडीवर बसणारीं माणसें थोडीं असलीं म्हणजे तेथें दोन दोष शिरतात: एक भिडेचा आणि दुसरा जुन्या भांडणाचा. भिडेनें दिलेला होकार आणि वैरानें दिलेला नकार दोन्ही सारखेच निरर्थक, कारण दोन्हींत समोरच्या कामाचा विचार नसतो. आपल्या वाचनालयांत व मंडळांत एकच चिटणीस हयातभर राहतो, तो सर्वांना हवा असतो म्हणून नव्हे, तर "आतां पुरे" हें म्हणण्याची पद्धतच आपण घातली नाहीं म्हणून.

कौल देणारानें स्वतःला एकच प्रश्न विचारावा असें मला वाटतें. हा मनुष्य माझ्या बाजूचा आहे काय, हा तो प्रश्न नव्हे. उद्यां एखाद्या वादांत हा माझ्या विरुद्ध असला, कुलूप याच्या हातीं असलें, आणि मी एकटा असलों, तर माझें म्हणणें पुरतें ऐकून घेतल्यावांचून हा कुलूप घालील काय? घालणार नाहीं असें मन सांगत असेल तर किल्ली द्यावी, आणि ती मागून परत घेण्याची वाट मोकळी ठेवावी.