मांजराची आंघोळ

आमच्या कुटुंबांतून मांजराचे स्थान गेल्या काही वर्षांत बरेच बदलले आहे. पूर्वी ते माळ्यावर उंदरांच्या पाळतीवर असे, नाहीतर मागील दारी मासळी साफ होताना घोटाळत असे. आता ते सदनिकेत राहते आणि मुलांच्या अंथरुणात झोपते. जे आमच्या अंथरुणात येते ते आमच्यासारखेच न्हालेले असावे, असा आग्रह त्यातून जन्मला. आणि सुट्टीच्या दिवशी न्हाणीघरात एक झुंज सुरू झाली, जिच्यात एका बाजूस बादली, साबण व दोन धट्टीकट्टी माणसे आणि दुसऱ्या बाजूस 18 नखे असतात.

ह्या झुंजीस हसणे सोपे आहे. परंतु ज्याचे भले करावयाचे, त्याच्या इच्छेविरुद्ध ते करण्याचा अधिकार आम्हांस कोठून मिळतो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मुळात मांजर अस्वच्छ प्राणी नव्हे. जागेपणीचा बराच काळ ते स्वतःला चाटण्यात घालविते. त्याच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. हे काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असून लाळ थेट कातडीपर्यंत पोहोचवितात, असे 2018 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. त्याचे रानटी पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील रुक्ष प्रदेशांतले. पाण्यात डुंबण्याची सवय त्या रक्तात नाही. दाट लव भिजली की लवकर वाळत नाही आणि अंग गार पडते. म्हणूनच सुवासिक साबणाने न्हालेले मांजर पुन्हा तासभर स्वतःला चाटीत बसते. आमची स्वच्छता त्याच्या लेखी घाणच असते. (पवित्र शास्त्रात कुत्रा वारंवार भेटतो, मांजर मात्र बारूखच्या सहाव्या अध्यायात, तेही बाबेलच्या मूर्तींवर बिनदिक्कत बसलेले. त्याचा स्वभाव तेव्हाही हाच असावा!)

अज्ञानातून केलेले भले तर घातकही ठरते. फिनॉलयुक्त जंतुनाशकाचे चार थेंब पाण्यात टाकले की आम्हांस समाधान वाटते. पण मांजराचे यकृत ते विष नीट पचवू शकत नाही, आणि अंगावरचे सारे शेवटी चाटून पोटातच जाते. कुत्र्याच्या गोचिडांवरील परमेथ्रिनचे औषध मांजरास लावले तर ते प्राणावर बेतते.

तथापि मांजरास कधीच न्हाऊ घालू नये, असे आम्ही म्हणणार नाही. अंगावर तैलरंग, रॉकेल वा यंत्राचे तेल सांडले असेल, तर ते चाटण्यापूर्वी धुतलेच पाहिजे व पशुवैद्यास दाखविलेच पाहिजे. म्हातारपणामुळे वा लठ्ठपणामुळे ज्याची मान मागे वळत नाही, त्यालाही आमचा हात हवा. तेव्हा नखे आधी कापावीत. पाय घसरू नयेत म्हणून तळाशी फडके पसरावे. कोमट पाणी तांब्याने मानेखालीच हळू ओतावे, तोंड ओल्या कापडाने पुसावे आणि लगेच टॉवेलात गुंडाळावे. ओरबाडे निघाले तर सोसावेत. ते मांजर आम्हांस कृतघ्न वाटण्याचे काही कारण नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू पाय धुऊ लागतो तेव्हा पेत्र प्रथम साफ नकार देतो. प्रभू त्याला बळेच धरीत नाही. समजावितो, आणि मग तोच पेत्र हातही धुवा, डोकेही धुवा म्हणू लागतो. मांजराला असे समजाविता येत नाही. ज्याची संमती मिळणे शक्यच नाही, त्याच्यासाठी निर्णय घेताना आमचे कारण अधिक भक्कम हवे. पाहुण्यांना वास येईल, हे काही तसे कारण नव्हे.

आणि हे केवळ मांजरापुरते आहे काय? नाताळच्या आदल्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्या आजीलाही आम्ही भल्या पहाटे न्हाऊ घालतो. घर माणसांनी भरणार असते, आम्हांस घाई असते. ती नको नको म्हणते, ते थंडीने म्हणते, संकोचाने म्हणते की कालची कंबर अजून दुखते म्हणून, हे पाहावयास कोणी थांबत नाही. ती ओरबाडीत नाही, डोळे मिटून घेते. तिला निदान पाणी किती ऊन हवे, हे तरी विचारता येते.