सक्तीचं पुण्य
सक्तीनं पाळलेल्या अहिंसेला पुण्य म्हणावं का? डहाणू-तलासरीच्या पाड्यांतल्या रस्त्यांवर गतिरोधक घालताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तो आहे. चालकाला पुण्य लाभतं असं मी म्हणणार नाही. मात्र वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा एक चतुर्थांशावर येते, आणि शाळेतून परतणाऱ्या पोराला चालकाच्या हेतूशी देणंघेणं नसतं. वारली गावं शिवेवर वाघदेव पूजतात. तिथेही माणूस आणि वाघ यांच्यातली मर्यादा एकेकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. रुग्णवाहिकेतल्या गरोदर बाईला दणका बसतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसनं सुचवलेला उंचवटा ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आखलेला. त्याऐवजी रातोरात ओतलेला डांबराचा ढीग त्या बाईवर हिंसाच करतो, घालणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी.