हाडांची खतावणी

अकरावीला कॉमर्स घेतलं, कारण सायन्सला बेडूक कापावा लागतो असं ऐकलं होतं. बेडकानं चाळीस वर्षं वाट पाहिली. बँकेतून निवृत्त झाल्यावर योगशिक्षकाच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा आसनंच काय ती जमवायची आहेत असा समज होता. पेपर तिसरा नंतर दिसला : शरीररचना आणि शरीरक्रिया.

भीती शरीराची नव्हती. ते साठ वर्षं वापरात आहे. भीती नावांची होती.

पहिल्या महिन्यात मी नावं पाठ केली आणि विसरलो. दुसऱ्या महिन्यात त्यांचे अर्थ विचारू लागलो. स्नायूला इंग्रजीत ‘मसल’ म्हणतात. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं उंदराचं पिल्लू आहे. कातडीखाली काहीतरी धावताना कुणाला तरी उंदीर दिसला. आपल्या पोरांना दंडात बेटकुळी दिसली. नडगीच्या हाडाला टिबिया म्हणतात, म्हणजे बासरी. पाठीच्या कण्याच्या टोकाला ग्रीकांना कोकिळेची चोच दिसली, आपल्याला माकडहाड. डोळ्याच्या बाबतीत मात्र रोम आणि महाराष्ट्र यांचं एकमत आहे : त्यांची ‘प्युपिला’ म्हणजे बाहुलीच.

पंडिती नाव म्हणजे परक्या गावातलं टोपणनाव.

या विषयातलं प्रसिद्ध पाठ्यपुस्तक ग्रेच्या नावानं ओळखलं जातं. 1858च्या त्या पुस्तकातली चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टरची. तोवरच्या बऱ्याच पुस्तकांत चित्रावर आकडे असत आणि अर्थ तळटिपेत. डोळा सारखा वर-खाली. कार्टरनं नाव हाडावरच लिहिलं, धमनीचं नाव धमनीच्या अंगानं वळवत नेलं. नवशिक्यावर एवढी दया क्वचितच कुणी केली असेल. पुस्तक निघालं त्याच वर्षी तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि पुढे काही वर्षं साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. रॉयल्टी ग्रेच्या वाट्याला आली, कार्टरला एकरकमी पैसे. परीक्षेत हे विचारत नाहीत. माझ्यातल्या बँकवाल्याला ते अजून टोचतं.

चरकाची हाडं 360, सुश्रुताची 300, आजची 206. माणूस झिजलेला नाही. चरकानं दात आणि नखंही हाडांतच धरली. जन्मलेल्या बाळाची हाडं तर तीनशेच्या आसपास भरतात, मग वाढता वाढता एकमेकांत जुळतात. मोजायची रीत बदलली की शिल्लक बदलते. यात मला नवल वाटलं नाही, वर्गात मात्र वाटलं.

शेजारच्या बाकावर बी.एस्सी. झालेली मुलगी बसते. तिला उत्तरं आधीपासून येतात, त्यामुळे प्रश्न पडत नाहीत. हे वाक्य मला फार आवडलं होतं. पहिल्या चाचणीत तिला 47 आणि मला 19 मिळेपर्यंत.

शाळेतलं एकच आठवत होतं : धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध. तिनं पहिल्याच दिवशी ते मोडलं. “काका, फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमीच असतो. हृदयापासून निघाली की धमनी, हृदयाकडे आली की शीर. बस्स.” मी वहीत लिहिलं : नावे म्हणजे वाईट आणि जमा म्हणजे चांगलं, असं नसतं, फक्त दिशा. असं कारकुनांना शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती.

रचना म्हणजे शिल्लक, क्रिया म्हणजे उलाढाल. बंद पडलेल्या खात्यात शिल्लक वाचता येते.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर बाहेर सोडतात. बाकी सगळं परत जमा. आधी सगळंच बाहेर काढायचं, मग हवं ते मोजून आत घ्यायचं. इतका कडक लेखापरीक्षक मी पाहिलेला नाही.

मराठीत काळीज तुटतं ते छातीत. खाटकाकडे तेच मागितलं तर तो यकृत तोलून देतो. प्राचीन वैद्य गॅलेनचाही यकृतावर मोठा भरवसा होता : अन्नापासून यकृत सतत नवं रक्त बनवतं आणि शरीर ते संपवतं. गॅलेननं माकडं-डुकरं कापली आणि लिहिलं माणसाबद्दल. खालचा जबडा दोन हाडांचा, असं तो म्हणाला; 1543 साली व्हेसेलियसनं माणसाचा जबडा एकाच हाडाचा असल्याचं दाखवलं. मधली तेरा शतकं प्रत्येक वाचकाच्या तोंडात तो जबडा होताच.

यकृताचं खातं बंद केलं विल्यम हार्वीनं, 1628 साली. त्यानं चिरफाड भरपूर केली, पण मला पटवलं ते त्याच्या गुणाकारानं. ठोक्यागणिक अगदी थोडं रक्त बाहेर पडतं असं धरा, अर्ध्या तासाच्या ठोक्यांनी गुणा. अख्ख्या शरीरात नाही इतकं रक्त होतं. इतकं रोज बनवायला माणसानं खावं तरी किती? आजच्या आकड्यांनी मी वहीच्या मागच्या पानावर करून पाहिलं. ठोक्याला 70 मिलिलिटर, मिनिटाला 70 ठोके, दिवसाला सात हजार लिटर. शरीरात मुळात रक्त पाचेक लिटर. म्हणजे तेच पैसे फिरताहेत. त्या रात्री मला जीवशास्त्र समजलं असं नाही, पण ताळा जुळला.

जुळला, एक नोंद सोडून. धमन्यांच्या टोकाशी गेलेलं रक्त शिरांत पोचतं कसं? वाट हार्वीला दिसली नाही. असली पाहिजे, एवढंच त्याला हिशेबानं ठाऊक होतं. आम्ही अशी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो आणि पुढच्या अधिकाऱ्यावर सोडून बदलीच्या गावी जातो. हार्वी 1657 साली गेला. केसाहून बारीक त्या वाहिन्या 1661 साली इटलीत माल्पीगीनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

कशात, तर बेडकाच्या फुप्फुसात.