किती आलं?

माझ्या गूगल ड्राइव्हमध्ये ‘आजी_व्हायटल्स’ नावाची एक शीट अजून आहे. तिच्यातली शेवटची नोंद २८ एप्रिल २०२१ची, रात्री साडेअकराची. ऑक्सिजन ९५, ताप ९९.४, नाडी ९२. दर चार तासांनी नोंद करायची आणि ऑक्सिजन ९४च्या खाली गेला की ती चौकट आपोआप लाल व्हायची, अशी सोय मी केली होती. पाच दिवसांत एकही चौकट लाल झाली नाही. आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास आजीला हॉस्पिटलात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला.

बरेच दिवस मी याकडे एक बग म्हणूनच बघत होतो. मॉनिटरिंग होतं, अलर्ट लावलेला होता, मग तो वाजला का नाही? माझ्या कामात असं झालं की आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो. काय घडलं, कधी कळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. आजीच्या त्या पाच दिवसांचं पोस्टमॉर्टेम मी मनात अनेकदा लिहून पाहिलं आणि दरवेळी ते तांत्रिक प्रश्नावरून घसरून दुसऱ्याच प्रश्नावर गेलं. आम्ही घरचे सगळे त्या पाच दिवसांत आजीची काळजी घेत होतो, असं म्हणता येईल का?

आधी परिस्थिती सांगतो. आजी कराडला राहते. आजोबा गेल्यापासून एक मावशी तिच्याकडे असतात, सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये ‘आजी केअरटेकर’ म्हणून सेव्ह होता. दुसऱ्या लाटेत, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आजी पॉझिटिव्ह आली. त्याच वेळी पुण्यात बाबाही पॉझिटिव्ह होते आणि आई त्यांचं बघत होती. आत्या नाशिकला, काका न्यू जर्सीला. मी निगेटिव्ह होतो, हॉलमध्ये बसून वर्क फ्रॉम होम करत होतो. आजीच्या नेहमीच्या डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर तपासलं, औषधं लिहून दिली आणि घरीच ठेवा म्हणाले. मावशींना विचारलं, रात्रीचंही राहाल का? त्या राहिल्या.

मग मी माझ्या परीनं कामाला लागलो. ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि मास्क कराडला पोचते केले. ‘आजी अपडेट्स’ नावाचा अकरा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मावशी फोनवर आकडे सांगायच्या, मी शीटमध्ये भरायचो, ग्रुपवर टाकायचो. लगेच अंगठे, हात जोडलेले, ‘ग्रेट’, ‘गरम पाणी देताय ना?’, ‘पालथं झोपायला सांगा’. मला खरंच वाटत होतं की मी आजीजवळ आहे. इतका जवळ तर सुट्टीत कराडला गेल्यावरही नसायचो.

दुरून केलेली ही देखभाल फसवी होती, असं मला म्हणायचं नाही. भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली ती २५ मार्च २०२०ला, म्हणजे देशभरचा लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. फोनवरून तपासायचं कसं, औषध लिहून द्यायचं कसं, हे त्याआधी डॉक्टरांसाठी पुरेसं स्पष्ट नव्हतं. ते स्पष्ट झालं म्हणून आजीला घरबसल्या डॉक्टर मिळाले. त्या दिवसांत ऐंशीच्या घरातल्या बाईला रिक्षात घालून गर्दीच्या दवाखान्यात नेण्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं. ऑक्सिमीटरही भाबडं खेळणं नाही. तो बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतो आणि रक्त त्यातला किती शोषतं यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. पण तो अंदाज असतो. बोट गार असलं, नखाला रंग असला तरी चुकू शकतो. डिसेंबर २०२०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की ऑक्सिजन धोकादायक पातळीखाली गेलेला असूनही यंत्र तो ठीक दाखवतंय, असं गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. म्हणजे यंत्र सगळ्यांना सारखं बघत नाही. तरी नसण्यापेक्षा ते असणं चांगलंच.

२८ तारखेच्या रात्री साडेअकराचे आकडे दिल्यावर मावशींनी फोन ठेवला नाही. म्हणाल्या, “दादा, आज आजी काय बोलंनात. चा बी नको म्हणल्या.”

मी म्हणालो, “मावशी, पंच्याण्णव आहे. चांगला आहे आकडा.”

“आकडा बरा हाय, पर आजी बऱ्या न्हाईत.”

मी त्यांना धीर दिला. थकवा असतो, झोपू द्या, सकाळी बघू. त्या ‘बरं’ म्हणाल्या. पण त्यांनी ऐकलं नाही, आणि त्यासाठी मी जन्मभर त्यांचा ऋणी आहे. त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, तीन मिनिटं खोलीतल्या खोलीत हळूहळू चालवा आणि पुन्हा मोजा. चालल्यावर ८९ आला. मावशींनी शेजारच्यांची गाडी काढायला लावली आणि आजीला घेऊन गेल्या. मला कळलं तेव्हा त्या हॉस्पिटलच्या दारात उभ्या होत्या.

आजी नऊ दिवसांनी घरी आली. पुढे कधीतरी तिनेच सांगितलं, “अरे, ती चिमटा लावायची त्याआधी मी दहा-बारा मोठे श्वास घ्यायचे. कमी आलं की तुम्ही सगळे घाबरणार. निकालच लागायचा रोज. किती आलं, किती आलं.”

माझा अलर्ट का वाजला नाही, याचं निदान एक भाग तरी हे असावं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावानं ओळखलं जाणारं एक तत्त्व आमच्या क्षेत्रात सारखं सांगतात. एखादं माप हेच ध्येय झालं की ते चांगलं माप राहत नाही. मी ते दहा प्रेझेंटेशन्समध्ये ऐकलं होतं. पण आजी तिच्या आकड्यावर मेहनत घेईल, आणि तीही आमच्यासाठी, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे त्या पाच दिवसांत काळजी उलट्या दिशेनंही वाहत होती. आजारी माणूस दुरून बघणाऱ्यांना सांभाळत होतं.

मराठीत ‘काळजी’ हा शब्द क्रियापदाप्रमाणे बदलतो. काळजी वाटते, काळजी करतो, काळजी घेतो. पहिल्या दोन गोष्टी कुठूनही करता येतात. न्यू जर्सीहूनही. तिसरीला बहुतेक वेळा हात लागतात. जोन ट्रॉन्टो या अमेरिकी विचारवंत बाईंनी १९९३च्या ‘मॉरल बाउंडरीज’ या पुस्तकात काळजीचे चार टप्पे सांगितले आहेत. कुणाला तरी गरज आहे हे लक्षात येणं, ती जबाबदारी अंगावर घेणं, प्रत्यक्ष करणं आणि ज्याचं केलं त्यानं ते स्वीकारणं. त्यांचा एक मुद्दा मला लागला. पहिले दोन टप्पे समाजात वजनदार माणसांकडे जातात आणि तिसरा, घाम गाळण्याचा, खालच्या पायरीवरच्यांकडे ढकलला जातो. फोन आणि शीट यांनी आमच्या घरात हेच केलं. आधी हे टप्पे थोडे तरी मिसळलेले असायचे, कारण काळजी वाटणाऱ्या माणसाला उठून जावंच लागायचं. आता मी पहिल्या दोन टप्प्यांवर पूर्ण समाधानी राहू शकत होतो.

इथे मला स्वतःशी खरं बोलायला हवं. मी का गेलो नाही? जिल्ह्याबाहेर जायला तेव्हा ई-पास लागत होता, पण वैद्यकीय कारणासाठी तो मिळत होता. मी अर्जच केला नाही. घरात मी सांगितलं की मी गेलो तर आजीला आणखी धोका. पण आजीला तर संसर्ग आधीच झाला होता! भीती मला होण्याची होती. बाबा आजारी होते, आईला मी जवळ हवा होतो, हेही खरंच. तरीही उरतं ते इतकंच की, माझ्या सख्ख्या आजीसाठी जो धोका पत्करायला मी तयार नव्हतो, तो मी दुसऱ्या एका बाईला महिन्याच्या पगारात पत्करायला लावला. पंचेचाळीसच्या वरच्यांना लस १ एप्रिलपासून खुली झाली होती. मावशींचं वय पन्नाशीच्या पुढचं. त्यांनी ती घेतली होती का, हे आमच्या अकरा जणांपैकी कुणीही विचारलं नव्हतं.

हे आमच्या एका घरापुरतं नव्हतं. सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारनं ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. नावात कुटुंब आणि जबाबदारी दोन्ही ‘माझे’, पण घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्यांत आशा सेविका होत्या. त्यांनाच पुढे जून २०२१मध्ये मानधनवाढीसाठी संप करावा लागला. दुरून होणाऱ्या प्रत्येक देखभालीच्या टोकाला कुणीतरी अगदी जवळ उभं असतं. स्क्रीनवर ते माणूस दिसत नाही, त्यानं सांगितलेला आकडा तेवढा दिसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० हे परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १८२०चा, त्याला दोनशे वर्षं होत होती म्हणून. तिचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ मी नंतर वाचलं. त्यात एक अख्खं प्रकरण अशा व्यवस्थेवर आहे की, तुम्ही जवळ असताना रुग्णाचं जे होतं ते तुम्ही नसतानाही झालं पाहिजे. म्हणजे जवळ नसणं हा अपराध आहे, असं तिचंही म्हणणं नाही. सगळ्यांना सगळीकडे असता येत नाही. मुलं शहरात जातात, देशाबाहेर जातात आणि बऱ्याचदा आईवडिलांनीच त्यांना तिकडे पाठवलेलं असतं. पण नसण्याची व्यवस्था लावायची तर जे माणूस तिथे आहे त्याच्या हातात निर्णय द्यावा लागतो आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. मी मावशींना फक्त वाचून दाखवण्याचं काम दिलं होतं. त्या सेन्सर आणि मी मेंदू, अशी माझी रचना. खरं निदान त्यांनी केलं, तेही चहावरून.

रुग्णसेवेला आपल्याकडे जुना शब्द आहे, शुश्रूषा. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. हे कळल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसलो. कारण ऐकणं ही एक गोष्ट फोनवरून उत्तम करता येते. फोन त्यासाठीच तर आहे. म्हणजे मला अंतर आडवं आलंच नव्हतं. मावशींचं वाक्य माझ्या कानापर्यंत पोचलं होतं. शीटमध्ये त्याला रकाना नव्हता, म्हणून मी ते सोडून दिलं.

आता शेवटचा भाग, जो मला सांगायला सगळ्यात जड जातो. आजी हॉस्पिटलमधून आली त्या दिवशी मी व्हिडिओ कॉल केला. आत्या आदल्या दिवशी कराडला पोचली होती. आजी थकलेल्या आवाजात आधी एवढंच म्हणाली, “ती कशी आहे?”

कुणालाच माहीत नव्हतं. आजीला दाखल केल्यावर मावशी घरी गेल्या होत्या आणि आम्ही सगळे हॉस्पिटलच्या फोनमध्ये अडकलो होतो. त्या संध्याकाळी मी फोन केला. त्यांच्या सुनेनं उचलला. मावशींना सात दिवस ताप होता. तपासणी केली नव्हती, दोन खोल्यांच्या घरात एका खोलीत झोपून होत्या. ऑक्सिमीटर नव्हता. तो आजीच्या कपाटावर होता, पाच दिवसांचं काम संपवून. सुदैवानं मावशी बऱ्या झाल्या. तीन आठवड्यांनी परत आल्या तेव्हा साडी अंगावर सैल झाली होती, असं आत्या म्हणाली. आम्ही त्यांचा पूर्ण महिन्याचा पगार दिला, न कापता. ग्रुपवर काकांनी लिहिलं, ‘वेल डन एव्हरीवन’. मीही अंगठा दाखवला.

आज आजी ठीक आहे, मावशीही आहेत. त्यांचा पगार वाढवला, त्यांच्यासाठी आरोग्य विमा काढला. त्यानं हिशोब मिटला असं मला वाटत नाही. पण जे पैशानं करता येतं ते तरी केलं पाहिजे. फोनमध्ये त्यांचा नंबर आता त्यांच्या नावानं आहे. त्यांचं नाव मला त्या रात्रीनंतर, म्हणजे त्या आमच्याकडे आल्यानंतर तीन वर्षांनी कळलं.

तुमच्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा, आईवडील दूर असतील आणि त्यांच्यापाशी कुणीतरी असेल. पुन्हा तशी वेळ आली तर मी कराडला जाईन का? छातीठोकपणे हो म्हणायला मी धजत नाही. त्या वेळी घरात कोण आजारी असेल, माझी हिंमत किती असेल, हे आज कसं सांगू? पण पहिला फोन मावशींना लावेन आणि आजीचं विचारण्याआधी त्यांना विचारेन, तुम्ही कशा आहात. आणि त्या काय म्हणतात ते पूर्ण ऐकून घेईन.