‘निपाणीत पोचलोय’

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना मोबाइलवर फोन केला. भारतातले हे पहिले मोबाइल संभाषण. तोवर घरातल्या फोनला पत्ता असे. उचलणारा कुठे आहे हे न विचारताच कळे. आता पहिला प्रश्न ‘कुठे आहेस?’ हाच. आणि उत्तराला साक्षीदार कोणी नाही.

गेल्या वर्षी कोल्हापूरहून बेळगावला निघायचे होते. आईचा फोन आला. ‘निपाणीत पोचलोय,’ मी म्हणालो. होतो कोल्हापूरच्या स्टँडवरच, मित्रांबरोबर चहा घेत! समोरासमोर खोटे बोलताना माझी जीभ अडखळते; तेव्हा अडखळली नाही. तिला काळजी नको म्हणून बोललो, अशी मी मनाची समजूत घातली. खरे तर मला अजून बसायचे होते.

पूर्वी उशीर झाला की ती दारात उभी राही. कारण तिला कळत नसे, हा त्रास खराच. मोबाइलने तो पुष्कळ कमी केला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण तेव्हा मला खोटे बोलावे लागत नसे.

घरी पोचलो तेव्हा आमटी तिसऱ्यांदा गरम होत होती.

‘वाटेत गाडी पंक्चर झाली काय रे?’ तिने विचारले.

मी मान हलवली.